फक्त तुमच्या तालुक्याला उठवणारा रेडिओ

घरात पेटी आहे का? ताईची, आजोबांची, शेजारच्या काकांची, कुणाचीही चालेल. मधल्या सप्तकातली पांढरी एक शोधा. तिथून दोन सप्तकं वर चढा आणि तिथली पांढरी एक दाबून धरा. पेटीच्या पट्ट्या तेवढ्या वर जात नसतील तर मोबाइलमधल्या पियानोवर वाजवा. चांगले दहा सेकंद, मध्ये न थांबता. कानाला टोचतो ना हा सूर? त्याची एका सेकंदात साधारण १०४७ कंपनं होतात. आता तो नखभर चढवा, म्हणजे बरोबर १०५०.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन नावाचं शहर आहे. तिथे एखाद्या घरात रात्री दोन वाजता हा सूर वाजला, तर घरातले सगळे पांघरुणं फेकून उठतात आणि खिडकी नसलेल्या खोलीत किंवा तळघरात जाऊन बसतात. हा सूर वाजतो एका छोट्या डब्यातून. डबा उशाशी ठेवलेला असतो, महिनोन्‌महिने गप्प असतो आणि गप्प असताना एक क्षणही ऐकायचं थांबत नाही. त्याचं नाव वेदर रेडिओ, म्हणजे हवामानाचा इशारा देणारा रेडिओ. आज आपण तो उघडून बघणार आहोत. स्क्रू न काढता, नुसत्या डोक्याने!

आधी नॉर्मनच का, ते सांगते. दक्षिणेकडच्या मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा वर येते, पश्चिमेच्या डोंगराळ, वाळवंटी भागातून कोरडी हवा येते, आणि ओक्लाहोमाच्या सपाट माळावर या दोघींची गाठ पडते. उन्हाळ्याच्या तोंडावर, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, त्यातून प्रचंड गडगडाटी ढग उभे राहतात. त्यातले काही ढग स्वतःभोवती फिरू लागतात आणि कधीकधी त्यांच्या पोटातून एक सोंड जमिनीपर्यंत उतरते. हाच टॉर्नेडो. आपल्या कोकण किनाऱ्यावर येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टॉर्नेडो असतो एखाद्या गल्लीएवढा, क्वचित दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहून थोडा जास्त रुंद, आणि तो पाच-दहा मिनिटांत जन्माला येतो. ३ मे १९९९ रोजी नॉर्मनजवळच्या मूर शहराच्या परिसरात आलेल्या टॉर्नेडोतला वारा ट्रकवर बसवलेल्या रडारने मोजला होता. तो भरला ताशी सुमारे ४८० किलोमीटर.

असं संकट यायच्या आधी लोकांच्या हाती किती वेळ असतो? साधारण दहा-पंधरा मिनिटं. कधी त्याहूनही कमी. म्हणून इशारा नुसता खरा असून भागत नाही, तो त्याच मिनिटाला कानावर पडावा लागतो.

आता गंमत बघा. एके काळी अमेरिकेच्या हवामान खात्यात, लोक घाबरतील म्हणून, अंदाजात ‘टॉर्नेडो’ हा शब्दच वापरत नसत. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आदळला आणि विमानांची मोडतोड झाली. तिथल्या अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांनी लगेच जुने नकाशे काढले आणि टॉर्नेडोच्या आधी हवा कशी असते ते शोधू लागले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर पुन्हा तसंच चित्र दिसलं. त्यांनी धीर करून सांगितलं, आज टॉर्नेडो येऊ शकतो. विमानं सुरक्षित जागी हलवली गेली आणि संध्याकाळी त्याच तळावर टॉर्नेडो खरोखर आला! अंदाज सांगता येतो हे त्या दिवशी कळलं. आता तो घराघरात पोचवायचा कसा, हा प्रश्न उरला.

एप्रिल १९७४ मध्ये अवघ्या दोन दिवसांत १३ राज्यांत मिळून १४८ टॉर्नेडो आले आणि ३०० हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर, १९७५ साली, अमेरिकेच्या सरकारने ठरवलं की इशारा थेट घरात पोचवणारी सरकारी रेडिओ यंत्रणा एकच असेल, ती म्हणजे हवामान खात्याचा हा रेडिओ. आज त्याची हजारावर प्रक्षेपण केंद्रं आहेत. तिथून चोवीस तास हवामानाची माहिती चालू असते. तापमान, वारा, उद्याचा अंदाज, समुद्राची स्थिती. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत.

तुमच्या घरच्या एफएम रेडिओवर हे केंद्र कधीच लागणार नाही. आपला एफएम चालतो ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये. हवामानाच्या रेडिओसाठी सात जागा वेगळ्या राखल्या आहेत: १६२.४०० पासून १६२.५५० पर्यंत, प्रत्येक जागा आधीच्या जागेपेक्षा ०.०२५ ने पुढे. वही घ्या आणि सातही लिहून काढा, बरोबर सातच येतात. एवढ्या मोठ्या देशाला सात जागा पुरतात कशा? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे एका केंद्राचा आवाज साधारण ६५ किलोमीटरपर्यंतच पोचतो. मग लांबच्या दुसऱ्या केंद्राने तीच जागा वापरली तरी दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत.

आणखी एक हिशेब करू. रेडिओ लहर एका सेकंदात सुमारे ३० कोटी मीटर धावते. १६२.४ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १६ कोटी २४ लाख लाटा. भागाकार केला की एका लाटेची लांबी येते सुमारे १.८५ मीटर, बऱ्याच मोठ्या माणसांच्या उंचीपेक्षा थोडी जास्त. अँटेना लाटेच्या पाव भागाएवढी असली तर ती लाट छान पकडते. पाव भाग म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर. पट्टी घेऊन बघा, ती वेदर रेडिओच्या बाहेर ओढायच्या दांडीच्या जवळपास जाते. ही दांडी पूर्ण ओढायची, उभी ठेवायची आणि संच खिडकीजवळ ठेवायचा. फ्रिज आणि कॉम्प्युटर यांच्यापासून लांब, कारण त्यांच्यातून निघणारी खरखर लहरीत मिसळते.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे येऊ. समजा, एका केंद्राच्या आवाजाच्या टप्प्यात दहा-बारा काउंटी आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्यासारखा कारभाराचा भाग. टॉर्नेडो आला एकाच काउंटीत, पण केंद्राचा आवाज जातो सगळीकडे. सुरुवातीच्या संचांना तो १०५० चा सूर तेवढा कळायचा. सूर आला की टप्प्यातले सगळे संच ओरडायचे. वादळ साठ किलोमीटरवर, आणि झोपमोड आपली! असं चार वेळा झालं की माणूस संच बंद करून टाकतो. मग पाचव्या वेळी खरंच त्याच्या घरावर वादळ आलं तर?

यावर काढलेली युक्ती म्हणजे पत्ता. आपल्या पत्रावर सहा आकडी पिनकोड असतो ना, तसा सहा आकडी संकेतांक प्रत्येक काउंटीला आहे. (पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागचे अधिकारी होते आपल्या कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर. ते संस्कृतचे कवीही होते!) नॉर्मन आणि मूर ही शहरं क्लीव्हलँड काउंटीत येतात. तिचा संकेतांक ०४००२७. पहिलं शून्य म्हणजे ‘संपूर्ण काउंटी’. पुढचे दोन आकडे, ४०, म्हणजे ओक्लाहोमा राज्य. शेवटचे तीन, ०२७, म्हणजे क्लीव्हलँड. आता या २७ मध्ये एक खुबी आहे. ओक्लाहोमातल्या काउंटी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावल्या तर क्लीव्हलँड येते १४ वी. मग १४ ऐवजी २७ का? कारण पहिलीला १, दुसरीला ३, तिसरीला ५ असे विषम आकडे दिले. मधले सम आकडे मोकळे ठेवले. उद्या एखादी नवी काउंटी झाली तर तिला मध्ये बसवता यावं म्हणून! हे ज्याने ठरवलं त्याची दूरदृष्टी मला फार आवडते.

पण रेडिओ तर आवाज पाठवतो. आवाजातून आकडे कसे जाणार? दोन सूर वापरून. एक जाड सूर, सेकंदाला सुमारे १५६३ कंपनांचा. एक बारीक सूर, सुमारे २०८३ कंपनांचा. बारीक म्हणजे १, जाड म्हणजे ०. कॉम्प्युटरची सगळी अक्षरं आणि आकडे अशा एक-शून्यांनीच बनतात. सेकंदाला ५२० हून थोडे अधिक एक-शून्य जातात. आपल्याला ऐकू येतं ते नुसतं ‘ट्रर्रर्र’. तो ट्रर्रर्र जेमतेम सेकंदभराचा असतो आणि त्यात अख्खं वाक्य बसलेलं असतं. लिहून काढलं तर ते असं दिसेल:

झेडसीझेडसी-डब्ल्यूएक्सआर-टीओआर-०४००२७+००४५-१३५२०४०

वाचूया. झेडसीझेडसी म्हणजे ‘लक्ष द्या, संदेश सुरू’. डब्ल्यूएक्सआर म्हणजे पाठवणारं हवामान खातं आहे. टीओआर म्हणजे टॉर्नेडोचा इशारा. ०४००२७ तर आता तुम्हाला पाठच झाला. अधिक चिन्हापुढे ००४५, म्हणजे इशारा ४५ मिनिटांसाठी. शेवटच्या सातातले पहिले तीन आकडे १३५, म्हणजे वर्षाचा १३५ वा दिवस. जानेवारीपासून मोजा, लीप वर्ष नसेल तर येते १५ मे. उरलेले २०४० म्हणजे रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटं, पण जागतिक वेळेनुसार. मे महिन्यात ओक्लाहोमाची घड्याळं तिच्या पाच तास मागे असतात. म्हणजे तिथे दुपारचे ३:४०. (हा संदेश मी तुमच्यासाठी बनवलाय, खराखुरा नाही. शेवटी पाठवणाऱ्या कार्यालयाची खूण असते, ती मी गाळली आहे.)

गडगडाटी पावसात लहरींमध्ये खरखर येणारच, आणि एखाद्या एकचं शून्य झालं तर भलतीच काउंटी जागी होईल. म्हणून हा ट्रर्रर्र तीनदा पाठवतात. संच तिन्ही ऐकतो आणि ज्यावर दोन साक्षी जुळतात ते खरं मानतो. मग आपल्या आठवणीतल्या संकेतांकाशी ताडून बघतो. जुळला नाही तर गप्पच बसतो, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. जुळला तर सूर, लाल दिवा, आणि पाठोपाठ बोललेला इशारा: वादळ कुठे आहे, कुठल्या दिशेने सरकतंय, काय करायचं. शेवटी एनएनएनएन असा एक छोटा ट्रर्रर्र, तोही तीनदा. संदेश संपला.

हा इशारा बोलतो कोण? आधी हवामान खात्यातली माणसंच ध्वनिमुद्रण करायची. पण दहा काउंटींत एकदम वादळं उठली तर एक माणूस किती ठिकाणी पुरणार? १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे काम कॉम्प्युटरच्या आवाजाला दिलं. त्या आवाजाला लोक ‘पॉल’ म्हणायचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले शास्त्रज्ञ डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या आवाजावरून तो घडवला होता. आणि ज्या आवाजात स्टीफन हॉकिंग जगाशी बोलायचे, तोही क्लॅट यांच्याच कामातून आलेला! विश्वाची कोडी सांगणारा आणि वादळाची वर्दी देणारा, दोन्ही आवाज एकाच घराण्यातले. पुढे आणखी स्वच्छ बोलणारे कॉम्प्युटरचे आवाज आले.

तर असा संच घरी आणला, की तो लावायचा कसा? समजा, आपण नॉर्मनमध्ये आहोत. विजेला जोडायचा, पण आधी पोटात बॅटऱ्या घालायच्या. वादळात पहिल्यांदा जाते ती वीज, आणि त्याच वेळी या डब्याची गरज असते. मग सातांपैकी जवळच्या केंद्राची जागा निवडायची. ओक्लाहोमा सिटीचं केंद्र १६२.४०० वर आहे. आवाज स्वच्छ येतोय ना, ते बटण दाबून ऐकायचं. मग ०४००२७ भरायचा. शेजारच्या काउंटीचाही संकेतांक भरता येतो. वादळं तिथे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात, त्यामुळे नैर्ऋत्येच्या शेजाऱ्यांना काय इशारा मिळतोय हे कळलेलं बरं. काही संच ‘कुठलीही काउंटी’ अशीही सोय देतात. ती मात्र मी कधीच निवडणार नाही. मग संच सारखा ओरडेल आणि शेवटी कुणीतरी वैतागून तार काढून टाकेल.

दिव्यांचे रंगही समजून घ्यायला हवेत. बऱ्याच संचांवर नारिंगी दिवा लागतो तेव्हा अर्थ असतो: आज टॉर्नेडो होण्याजोगी हवा आहे, लांब जाऊ नका, कान उघडे ठेवा. लाल लागतो तेव्हा टॉर्नेडो कुणीतरी पाहिलाय किंवा रडारवर दिसलाय. नारिंगीला तयारी करायची, म्हणजे बूट आणि टॉर्च हाताशी ठेवायचे. लालला विचार करत बसायचं नाही. घरातला सगळ्यात खालचा मजला गाठायचा, मधली, खिडकी नसलेली खोली गाठायची, डोकं झाकायचं. खिडकीतून वादळ बघायला तर मुळीच थांबायचं नाही. फुटलेल्या काचा आणि उडणाऱ्या फळ्या यांनीच सर्वांत जास्त इजा होते.

आणि बुधवार! दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या आधी, केंद्र एक चाचणी संदेश पाठवतं. त्याची खूण आरडब्ल्यूटी. संचाला तो मिळाला तर संकेतांक बरोबर भरलाय, अँटेना ठीक आहे, सगळं नीट चाललंय. नाही मिळाला तर शोधायला लागायचं. त्या दिवशी खरोखरच वादळी हवा असेल तर चाचणी पुढे ढकलतात, म्हणजे खरं कुठलं आणि चाचणी कुठली असा गोंधळ होत नाही. हे बुधवारचं काम घरातल्या मुलांकडेच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मोठी माणसं विसरतात. बॅटऱ्या बदलण्याचंही तेच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बॅटऱ्या पाझरतात आणि आतले पत्रे गंजवतात.

ऐकू न येणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी या संचाला लखलखणारा दिवा जोडता येतो, किंवा उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती. इशारा आला की उशीच हलवून उठवते!

‘पण आता मोबाइल आहेत की!’ असं तुम्ही म्हणाल. आहेतच. अमेरिकेत २०१२ पासून मोबाइलवरही धोक्याचे इशारे येतात आणि एका बाबतीत ते या रेडिओपेक्षा चांगले आहेत. हवामान खातं आता वादळाच्या वाटेवरचाच तुकडा नकाशावर आखून इशारा देतं. मोबाइल तो तुकडा ओळखू शकतो, रेडिओला मात्र सबंध काउंटीच जागी करावी लागते. पण मोबाइलचे मनोरे वादळात पडू शकतात, फोन रात्री बंद करून ठेवलेला असतो, चार्जिंग संपतं. रात्रीचे टॉर्नेडो जास्त जीवघेणे ठरतात, कारण लोक झोपेत असतात. गावातले भोंगेही बाहेर असलेल्यांसाठी असतात, बंद घरात झोपलेल्याला ते ऐकू येतीलच असं नाही. म्हणून तिथले जाणकार सांगतात, इशारा मिळण्याच्या वाटा एकाहून जास्त हव्यात.

हा धडा शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. २७ मार्च १९९४, रविवार. अलाबामा राज्यात पीडमाँटजवळच्या गोशेन इथल्या चर्चमध्ये सणाची प्रार्थना चालू होती. हवामान खात्याने इशारा दहा-बारा मिनिटं आधी दिलेला होता. तो त्या चर्चपर्यंत पोचलाच नाही. टॉर्नेडोने छत पाडलं आणि २० माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. इशारा होता आणि ऐकायला काही नव्हतं, हे मला कितीही वेळा वाचलं तरी सहन होत नाही. त्यानंतर तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी या रेडिओचं जाळं देशभर पोचवण्याचा आग्रह धरला आणि केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली.

आपल्याकडे असा उशाशी ठेवायचा संच नाही. आपल्या वाटा वेगळ्या. रत्नागिरी, मालवणकडच्या मुलांना बंदरावरचा धोक्याचा बावटा माहीत असेल. मच्छीमारांसाठीचे इशारे आकाशवाणीवरून सांगितले जातात. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप केलंय, ते तुमच्या आसपास वीज पडण्याची शक्यता सांगतं. आणि २०२३ मध्ये एके दिवशी घरातले मोबाइल एकाच वेळी विचित्र आवाजात कोकलू लागले होते, आठवतंय? ती सरकारने घेतलेली चाचणीच होती. त्यातही मनोऱ्यांना सांगता येतं की फक्त या भागातल्या फोनना उठवा. पत्त्यावर इशारा पाठवायची तीच कल्पना.

आता तुमची पाळी. तुमच्यापैकी कुणाची आत्या नाहीतर मावशी टेक्सास राज्यातल्या डॅलसला राहत असेल. तिच्या काउंटीचा संकेतांक ०४८११३. समजा, तिच्या संचाने हा ट्रर्रर्र पकडला:

झेडसीझेडसी-डब्ल्यूएक्सआर-एसव्हीआर-०४८११३+००३०-१२१२३१५

एसव्हीआर म्हणजे जोरदार गडगडाटी वादळाचा इशारा. वर्ष लीप नाही. डॅलसचं घड्याळ तेव्हा जागतिक वेळेच्या पाच तास मागे. इशारा कोणत्या तारखेला आणि आत्याच्या घड्याळात किती वाजता निघाला? किती वाजेपर्यंत लागू राहील? आणि टेक्सासच्या काउंटींच्या यादीत डॅलस कितवी?

(उत्तर: १ मे, संध्याकाळी ६:१५, ६:४५ पर्यंत, ५७ वी.)